रोजकीर्द भरली, खतावणी राहिली!

खास प्रतिनिधी

दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ रोजी धावत्या बसमध्ये झालेल्या अमानुष अत्याचारानंतर सार्वजनिक वाहतुकीच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यानंतर पुढे आलेल्या उपायांपैकी एक म्हणजे वाहन कोठे आहे हे सतत कळवणारे उपकरण आणि प्रवाशाच्या हाताशी असलेले आपत्कालीन बटण. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २८ नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने ही तरतूद झाली आणि मुदतवाढीनंतर १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ती लागू झाली. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना त्यातून वगळण्यात आले. तेव्हापासूनची चर्चा मुख्यतः उपकरणाभोवती फिरत राहिली आहे. ते बसवले की नाही, त्याची किंमत किती, ते खरोखर चालते की केवळ प्रमाणपत्रापुरते आहे, हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु उपकरण चोख चालले आणि त्याने पाठवलेली प्रत्येक नोंद सर्व्हरवर पोहोचली, तरी ऐनवेळी ती नोंद सापडेल याची हमी कोण देणार, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

नोंद साठवणे आणि नोंद सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सापडण्याचा सारा भार सूचीवर असतो. संगणकाच्या भाषेत तिला इंडेक्स म्हणतात. मोठ्या यंत्रणांत ही सूची ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांतून तयार होत असते. त्या कामांचे वेळापत्रक वरकरणी कारकुनी तपशील वाटते. प्रत्यक्षात रात्रीच्या प्रवाशाची सुरक्षितता, गुन्ह्याच्या तपासाची दिशा आणि नागरिकाचा खासगीपणा या तिन्ही गोष्टी त्याच्याशी बांधलेल्या आहेत. म्हणूनच हे वेळापत्रक तंत्रज्ञांच्या मर्जीवर न सोडता धोरणाचा भाग मानण्याची गरज आहे.

रोजच्या त्रेचाळीस कोटी नोंदी

या उपकरणांसाठी ठरवलेल्या ‘एआयएस-१४०’ या मानकानुसार वाहन धावत असताना दर पाच सेकंदांना आपली जागा कळवण्याची क्षमता उपकरणात असावी लागते. प्रत्येक नोंदीत अक्षांश, रेखांश, वेळ, वेग आणि दिशा असते. एखाद्या राज्यात अशी एक लाख वाहने दिवसातील बारा तास धावतात आणि पाचऐवजी दहा सेकंदांनीच नोंद पाठवतात, असे धरून चालू. एका वाहनाच्या तासाला ३६० नोंदी होतात, दिवसाला ४,३२०. एक लाख वाहनांच्या मिळून दिवसाला ४३ कोटी २० लाख. महिन्याचा आकडा बाराशे कोटींच्या वर जातो.

आता तपास अधिकाऱ्याचा साधा प्रश्न घ्यावा. काल रात्री दहा ते साडेदहा या वेळेत अमुक पुलापासून पाचशे मीटरच्या आत कोणकोणती वाहने होती? सूची नसेल तर संगणकाला एकेक नोंद उघडून पाहावी लागते. हे काम अशक्य नसले तरी त्याला लागणारा वेळ तपासाला परवडणारा नसतो, आणि एकाच वेळी दहा ठिकाणांहून असे प्रश्न आले की यंत्रणा गुदमरते.

साधी सूची येथे पुरत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. डेटाबेसमध्ये सर्रास वापरली जाणारी ‘बी-ट्री’ ही रचना १९७२ मध्ये बायर आणि मॅक्राइट या संशोधकांनी मांडली. ती एका क्रमाने लावता येणाऱ्या गोष्टींसाठी उत्तम आहे. उदाहरणार्थ, वाहनाचा क्रमांक किंवा तारीख. ठिकाण मात्र एका क्रमात बसत नाही. मुंबई आणि अहिल्यानगर ही दोन्ही शहरे सुमारे १९.१ उत्तर अक्षांशावर आहेत. नोंदी केवळ अक्षांशाच्या क्रमाने लावल्या तर सूचीत ती शेजारी-शेजारी येतील आणि मुंबईला खेटून असलेले ठाणे मात्र त्यांच्यापासून दूर जाईल. यावर अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये ‘आर-ट्री’ ही रचना सुचवली. जवळजवळच्या नोंदी एका चौकोनात, असे अनेक चौकोन एका मोठ्या चौकोनात, अशी ती उतरंड असते. पुलाजवळचा शोध घेताना ज्या चौकोनांत तो पूल येत नाही, ते उघडावेच लागत नाहीत. फिरत्या वाहनांच्या बाबतीत त्यात वेळेची तिसरी बाजू मिळवावी लागते, आणि तेथून खरी अडचण सुरू होते.

मुनीमजींचे काम

ही अडचण जुन्या पेढीवरच्या हिशेबाच्या पद्धतीतून चांगली समजते. दिवसभरातील प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिला जाई. सवड मिळाली की मुनीमजी त्याच नोंदी खातेवार खतावणीत उतरवत. कोणाचे किती येणे आहे हे विचारले की खतावणी उघडली जाई. रोजकीर्द चाळत बसायला कोणाला वेळ नसे. दिवसभराची कीर्द लिहून झाली आणि खतावणी व्हायची राहिली, तर व्यवहार नोंदला गेलेला असूनही खाते पाहणाऱ्याला तो दिसत नसे.

वाहनांच्या नोंदींचे असेच आहे. ‘पोस्टग्रेस’सारखा सर्वसाधारण डेटाबेस प्रत्येक नव्या नोंदीबरोबर सूचीही तत्काळ दुरुस्त करतो, म्हणजे कीर्द आणि खतावणी एकाच वेळी लिहिली जाते. पण सेकंदाला हजारो नोंदी येऊ लागल्या की हा दुहेरी भार जाणवू लागतो. शिवाय सुटे बिंदू सूचीत भरण्यापेक्षा ते जोडून प्रवासाचे छोटे तुकडे करणे आणि त्या तुकड्यांची सूची ठेवणे सोयीचे असते. ‘हे वाहन या वेळेपासून त्या वेळेपर्यंत या टापूत होते’ एवढे कळले की पुढचा शोध सोपा होतो. मात्र असा तुकडा करायला आधी पुरेसे बिंदू गोळा व्हावे लागतात. त्यामुळे हे काम क्षणोक्षणी न होता थोड्या थोड्या वेळाने होते. फिरत्या वस्तूंच्या शोधासाठी ‘इन्फॉर्मिक्स’ या डेटाबेसमध्ये असलेली सोय याच धर्तीची आहे. आधी हाती असलेल्या नोंदींची सूची बांधली जाते आणि नव्या नोंदी सूचीत आणण्यासाठी ठरावीक अंतराने चालणारे काम नेमून दिले जाते. यात गैर काहीच नाही. मुनीमजी किती वाजता बसणार, कोठपर्यंत उतरवणार आणि एखाद्या दिवशी आलेच नाहीत तर ते कोणाला कळणार, हे ठरलेले नसेल तेव्हाच धोका उद्भवतो.

रिकामे उत्तर म्हणजे ‘नव्हते’ नव्हे

सर्वांत आधी येतो तो किती वेळाने हा प्रश्न. सर्व्हरवरचा ताण कमी असतो म्हणून जड कामे मध्यरात्रीनंतर लावण्याची संगणक विभागांची जुनी सवय आहे. बँकेच्या किंवा वीजबिलाच्या हिशेबाला ती शोभते. प्रवासी वाहतुकीला ती शोभेलच असे नाही. महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या खासगी बसगाड्या बहुतांशी रात्रीच धावतात. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ रोजी पहाटे बस पेटून २५ प्रवाशांचा बळी गेला, तो अपघात मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराचा होता. अशा प्रसंगी वाहन शेवटचे कोठे थांबले, वेग किती होता, आसपास आणखी कोणती वाहने होती, हे प्रश्न त्याच घटकेला उभे राहतात. सूचीकरण दररोज रात्री दोन वाजता होत असेल, तर रात्री अकराला विचारलेल्या प्रश्नाला मिळणारे उत्तर एकवीस तास जुन्या सूचीवरून आलेले असते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपत्कालीन बटण दाबल्यावर जाणारा संदेश या सूचीची वाट पाहत नाही. तो थेट नियंत्रण कक्षाकडे जावा अशीच रचना मानकात आहे. वाहनाची ताजी जागाही वेगळ्या, लहान तक्त्यात ठेवता येते. सूचीवर अवलंबून असतात ते ‘त्या वेळी तेथे कोण होते’ या जातीचे प्रश्न. बटण दाबताच न आल्यास, उपकरण तोडले गेल्यास किंवा गुन्हा वाहनाबाहेर घडल्यास तपास याच प्रश्नांपासून सुरू होतो.

अधिक गंभीर बाब अशी की सूचीवर चालणारा शोध आपली मर्यादा स्वतःहून सांगत नाही. नोंदी आहेत पण सूचीत अद्याप आलेल्या नाहीत, अशा वेळी पडद्यावर येते ते रिकामे उत्तर. त्या ठिकाणी खरोखर एकही वाहन नव्हते, तरीही पडद्यावर तेच दिसते. दोन पूर्णपणे भिन्न परिस्थितींचे उत्तर एकच. तपास अधिकाऱ्याने ‘काही आढळले नाही’ असे टिपण केले की पुढे फाइलीत त्याचा अर्थ ‘काही नव्हते’ असा होतो. त्यात एखादा गुन्हेगार सुटू शकतो. आणि आपण दुसरीकडे होतो असे सांगणाऱ्या एखाद्या निरपराध चालकाचा पुरावाही त्यात हरवू शकतो.

घाटातून उशिरा आलेली नोंद

दुसरा प्रश्न उशिरा पोहोचणाऱ्या नोंदींचा. घाटात, बोगद्यात किंवा डोंगराआड मोबाइलचे जाळे मिळत नाही. तेव्हा नोंदी वाया जाऊ नयेत म्हणून उपकरणाने त्या स्वतःजवळ साठवून जाळे मिळताच पाठवाव्यात, असे मानक सांगते. किमान ४० हजार नोंदींची जागा उपकरणात असावी लागते. दर पाच सेकंदांच्या हिशेबाने ही जागा सुमारे ५५ तासांची होते. म्हणजे परवाच्या रात्रीची नोंद आज दुपारी येऊन दाखल होणे हा बिघाड नसून यंत्रणेचा अपेक्षित गुण आहे.

सूचीकरणाचे काम मात्र बहुधा पुढे पुढे जात असते. ‘मागच्या खेपेनंतरच्या नोंदी घे’ अशी त्याला आज्ञा असते. ही ‘मागची खेप’ घटनेच्या वेळेवर मोजली, तर घाटातून उशिरा आलेली नोंद मागे पडलेली ठरते आणि काम तिला ओलांडून जाते. ती रोजकीर्दीत राहते, पण खतावणीत कधीच येत नाही. विसंगती अशी की जेथे जाळे नाही तेथे मदत उशिरा पोहोचते, आणि नेमक्या त्याच निर्जन रस्त्यांवरच्या नोंदी सूचीबाहेर राहण्याचा धोका सर्वाधिक असतो. उपाय अवघड नाही. प्रत्येक नोंदीला घटना घडल्याची आणि सर्व्हरवर पोहोचल्याची अशा दोन वेळा द्याव्यात. कोणत्या नोंदी घ्यायच्या हे पोहोचण्याच्या वेळेवरून ठरावे आणि सूचीत त्या घटनेच्या वेळेनुसार लावाव्यात. सरकारी कचेरीतल्या आवक बारनिशीत पत्राची तारीख आणि आवक झाल्याची तारीख वेगळी लिहिण्याची पद्धत आहे, त्यामागचे शहाणपण हेच.

घड्याळाचा घोळ

वेळेचा विषय निघाला की घड्याळाकडेही पाहावे लागते. उपग्रहावर चालणारी उपकरणे जागतिक प्रमाणवेळ पाळतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. दिवसवार सूची बांधताना हा फरक ध्यानात घेतला नाही, तर संगणकाचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. मध्यरात्रीनंतर दोन वाजता घडलेली घटना मग आदल्या तारखेच्या कप्प्यात जाऊन बसते आणि त्या दिवसाच्या कप्प्यात शोधणाऱ्याला ती मिळत नाही.

याहून विचित्र प्रकारही घडले आहेत. जीपीएसच्या जुन्या संदेशरचनेत आठवड्यांची मोजणी १,०२३ पर्यंतच जाते आणि पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ रोजी अशी मोजणी शून्यावर आली, तेव्हा दुरुस्ती न झालेल्या काही उपकरणांच्या तारखा सुमारे वीस वर्षे मागे गेल्या. न्यूयॉर्क महापालिकेचे वायरलेस जाळे त्या वेळी काही दिवस बंद पडले होते. जाळे बंद पडले की निदान ते कळते तरी. वाहनाच्या नोंदीवर १९९९ ची तारीख पडली तर यंत्रणा कुरकुर न करता ती स्वीकारते आणि कोणीही न उघडणाऱ्या कप्प्यात ठेवून देते. अशा अशक्य तारखांच्या नोंदी बाजूला काढून रोज कोणाच्या तरी नजरेखाली आणणे हाही सूचीकरणाच्या व्यवस्थापनाचाच भाग आहे.

गर्दीच्या दिवशीच गाडी अडते

आपोआप चालणाऱ्या कामाचा सर्वांत मोठा दोष म्हणजे ते आपोआप थांबतेही. डिस्क भरली, पासवर्ड बदलला, सर्व्हर पुन्हा सुरू करताना वेळापत्रक सुरू करायचे राहिले, अशी कारणे क्षुल्लक असतात. नव्या नोंदी येतच राहतात, नकाशावर वाहने हलताना दिसतात, नियंत्रण कक्षातला मोठा पडदा लखलखत असतो. सूची मात्र चार दिवसांपूर्वी जेथे थांबली तेथेच असते. कोणीतरी जुना प्रश्न विचारेपर्यंत ते उघडकीस येत नाही.

दुसरा प्रकार कामे एकमेकांवर आदळण्याचा. दर तासाला चालणारे काम एरवी चाळीस मिनिटांत आटोपते. आषाढी वारीला किंवा गणपतीत कोकणाकडे एसटीच्या जादा गाड्या सुटतात, नोंदी वाढतात आणि तेच काम सत्तर मिनिटे घेते. तोवर पुढची खेप सुरू झालेली असते. दोन्ही कामे त्याच तक्त्यासाठी झगडू लागतात, नव्या नोंदी लिहिण्याचा वेगही मंदावतो आणि कधी कधी दोन्ही अर्धवट सुटतात. एक खेप संपल्याशिवाय दुसरी सुरू होऊ न देणे, काम रोजच्यापेक्षा जास्त रेंगाळल्यास इशारा देणे आणि अर्धवट राहिलेली खेप होती तेथून पुन्हा उचलणे, या तीन साध्या शिस्ती पाळल्या तर यातले बरेच टळते. पण ऐन गर्दीचा दिवस धरून आधी चाचणी घेतली जाते काय, हा प्रश्न उरतोच.

पुसली, तरी राहिली

आतापर्यंतचा धोका सूची मागे राहण्याचा होता. नोंद पुसल्यानंतरही सूची मागे उरण्याचा धोका याच्या नेमका उलट आहे आणि त्याची चर्चा त्याहूनही कमी होते. जुन्या नोंदी पुसण्यासाठीही वेळापत्रकावर चालणारे काम नेमलेले असते. मूळ नोंदी नियमाप्रमाणे पुसल्या, परंतु त्यांच्यापासून बनवलेले प्रवासाचे तुकडे तसेच राहिले, तर कागदोपत्री माहिती नष्ट झालेली असते आणि प्रत्यक्षात माणसाचा माग शाबूत असतो. रोजकीर्द जाळली, पण खतावणी कपाटातच राहिली, असा हा प्रकार.

माणूस कोठे, कधी होता ही माहिती किती बोलकी असते, याचे पुरावे जुने आहेत. पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर आधारित आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ठिकाण आणि वेळ यांच्या केवळ चार जोड्या ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळे काढायला पुरतात. न्यूयॉर्कमधील टॅक्सींच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती २०१४ मध्ये खुली झाली, तेव्हा टॅक्सींचे क्रमांक झाकलेले होते. संगणकतज्ज्ञांनी ते अल्पावधीत उलगडून दाखवले. बस-टॅक्सीची नोंद ही वाहनाची असली तरी ते वाहन चालवणारा माणूस ठरलेला असतो. त्याने कोठे विश्रांती घेतली, कोणत्या रुग्णालयापाशी, कोणत्या सभेपाशी तो थांबला, हे सारे त्यात असते.

भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले. जामिनावरील आरोपीने गुगल नकाशावर आपली जागा तपास अधिकाऱ्याला सतत दाखवत राहावी, ही अट न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने जुलै २०२४ मध्ये रद्द ठरवली. आरोपीवरदेखील सतत पाळत नको असे न्यायालय म्हणत असेल, तर कोणताही आरोप नसलेल्या चालकाचा माग किती काळ जपायचा याचे उत्तर यंत्रणेला द्यावेच लागेल. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुदत ठरवून दिल्याचे उदाहरणही देशात आहे. ‘आरोग्य सेतु’ची माहिती साधारणपणे १८० दिवसांपलीकडे ठेवू नये, असे मे २०२० मध्ये जारी झालेल्या कार्यपद्धतीत नमूद होते. मुद्दा असा की अशी मुदत मूळ नोंद, तिची सूची, तिच्यापासून बनवलेले तुकडे आणि राखीव प्रती या सर्वांना एकाच वेळी लागू झाली पाहिजे. तपासासाठी हव्या असलेल्या नोंदी तेवढ्या लेखी आदेशाने वेगळ्या काढून ठेवाव्यात.

न्यायालयात काय टिकेल?

संगणकीय नोंद न्यायालयात सादर करण्याचे नियम आता कडक आहेत. जालना विधानसभा मतदारसंघात २०१४ मध्ये उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला की नाही, या वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अशा दुय्यम प्रतींसाठी प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचा निर्वाळा दिला. कार्यालयातील चित्रफितींवरची वेळ हाच त्या वादाचा गाभा होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने प्रमाणपत्राची ही अट पुढे चालू ठेवली आहे. सादर केलेली नोंद अस्सल आहे, हे त्यातून सिद्ध होऊ शकते. पण सादर न झालेली नोंद खरोखर नव्हती की सूचीअभावी सापडली नाही, हे त्यातून कळत नाही. यासाठी शोधाच्या प्रत्येक उत्तराबरोबर सूची कोणत्या क्षणापर्यंत पूर्ण होती आणि किती नोंदी सूचीबाहेर शिल्लक होत्या, हे छापून येणे हाच खरा मार्ग आहे.

निविदेत लिहा, फलकावर लावा

यावर ‘सूची सतत ताजी ठेवा’ असे फर्मान काढणे हा उपाय नव्हे. दर मिनिटाला जड काम लावले तर नोंदी लिहून घेण्याचे मूळ कामच कोलमडेल. व्यवहार्य तोडगा दोन कप्प्यांचा आहे. ताज्या नोंदी लहान तक्त्यात ठेवायच्या आणि प्रश्न आला की तुकड्यांच्या सूचीबरोबर हा तक्ताही चाळायचा. वर मांडलेल्या एक लाख वाहनांच्या हिशेबात शेवटच्या पाच मिनिटांच्या नोंदी तीस लाख भरतात. आजच्या संगणकाला एवढ्या नोंदी सूचीशिवायही सहज चाळता येतात. जुन्या नोंदी दिवसवार कप्प्यांत विभागल्या तर मुदत संपल्यावर पूर्ण कप्पा एका झटक्यात काढून टाकता येतो. ‘पोस्टजीआयएस’ आणि ‘मोबिलिटीडीबी’ यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर यासाठी उपलब्ध आहेत, तेव्हा परवान्यांवरचा मोठा खर्च ही सबब टिकणारी नाही.

उणीव आहे ती जबाबदारी लिहून ठेवण्याची. नियंत्रण कक्षाच्या कंत्राटात सर्व्हर किती टक्के वेळ चालू राहिला पाहिजे, एवढीच अट घालून भागणार नाही. सूची वास्तवाच्या किती मिनिटे मागे राहिलेली चालेल, उशिरा आलेली नोंद किती वेळात सूचीत आली पाहिजे, ठरलेली खेप चुकल्यास किती मिनिटांत कोणत्या अधिकाऱ्याला कळले पाहिजे आणि पुसण्याचे काम पूर्ण झाल्याचा दाखला कोण देणार, या चार अटी त्यात आकड्यांसह हव्यात. त्यांचे पालन झाले की नाही हे ठेकेदाराने स्वतः सांगून चालणार नाही. लेखापरीक्षणात ते तपासले गेले पाहिजे. आधीच जागा माहीत असलेल्या एखाद्या सरकारी वाहनाबद्दल अवचित प्रश्न विचारून उत्तर बरोबर येते का हे पाहणे, ही त्यातली सर्वांत स्वस्त आणि खात्रीची चाचणी ठरेल. माहितीच्या अधिकारात नागरिकांनाही हे वेळापत्रक मागता येते, आणि मागण्याची वेळ येऊ नये म्हणून परिवहन विभागांनी ते स्वतःहून जाहीर करणे अधिक शोभून दिसेल.

वाहनावर उपकरण बसवल्याचे प्रमाणपत्र हातात पडते, बटणावरचा दिवा लागतो, म्हणून प्रवासी निश्चिंत होतो. त्याच्या निश्चिंतीची दुसरी बाजू कोठल्या तरी सर्व्हरवर, ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामात असते. ते काम काल रात्री झाले काय, एवढा साधा प्रश्न विचारण्याची जबाबदारी जोवर कोणा अधिकाऱ्याच्या नावावर लिहिलेली नाही, तोवर रोजकीर्दीच्या वह्या भरत राहतील. आणि हिशेब मागणाऱ्याच्या हाती मात्र खतावणीचे कोरे पान पडेल.